एक्कावन्नावा नग

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'कपड्याच्या नमुन्याची चोरी' असे सांगितले. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तुम्ही कामगारांचे पुढारी. तुमचा विषय मजुरी आणि बोनस. हे फॅशनचे खूळ तुमच्याकडे कोठून आले?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच आम्ही त्या संध्याकाळी बोललो, आणि जे बोललो तेच येथे थोडे नीटनेटके करून लिहीत आहोत. आम्ही कायदेपंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर झाले. तेव्हा येथे जे काही कायद्याचे सांगू ते ठेच लागून शिकलेले आहे, आणि ठेच लागली ती आमच्या पायाला नव्हे, आमच्या सल्ल्यावर विसंबलेल्या एका बाईच्या पायाला, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमची युनियन शिलाई कामगारांची. गाळ्यागाळ्यांतून नगावर मजुरी घेणारे टेलर, काज-बटणवाले, इस्त्रीवाले, धागे कापणाऱ्या बायका हे आमचे सभासद. काही वर्षांपूर्वी दिवाळी उलटल्यावर एक ताई आमच्या कचेरीत आल्या. पिशवीतून दोन कुडते काढून त्यांनी टेबलावर पसरले. दोहोंवर एकच नक्षी होती: ज्वारीची कणसे, एका कणसावर वाकून बसलेली चिमणी आणि खाली गोधडीच्या धावदोऱ्यासारख्या तुटक रेघा.

"काका, यातला माझा कोणता, सांगा बरं."

आम्हांस सांगता येईना. तेव्हा त्यांनीच बोट ठेवून दाखविले. त्यांच्या छपाईच्या पडद्यावर नक्षीचा जोड एका ठिकाणी किंचित चुकला होता. त्यामुळे दर हातभर अंतरावर एका कणसाचे पान अर्धेच उमटत होते. दुसऱ्या कुडत्यावरही ते पान तेवढेच अर्धे होते. नक्कल करणाऱ्याने चूकसुद्धा सोडली नव्हती. फरक होता तो कापडाच्या पोतात आणि किमतीत. ताईंचा कुडता साडेआठशेचा, दुसरा साडेतीनशेचा.

ताई घरी दोन मशिने टाकून धंदा करीत. नक्षी स्वतः काढायची, गल्लीतल्या छपाईवाल्याकडून पडदा करून घ्यायचा, कापड छापून आणून स्वतः बेतायचे आणि शेजारच्या दोघी बायकांच्या मदतीने शिवायचे, असा त्यांचा क्रम. डिझायनर हा शब्द ऐकला की पुष्कळांना झगझगीत मंच आणि सिनेमातल्या नट्या आठवतात. परंतु या देशातले बहुतेक डिझायनर या ताईंसारखे आहेत. त्यांच्या मागे भांडवल नाही, वकील नाही, जाहिरात नाही. डोक्यातली कल्पना आणि हातातली पेन्सिल हेच त्यांचे भांडवल. अशांना आम्ही या लेखात 'नमुनाकार' म्हणणार आहोत.

आम्ही ताईंना मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "चिंता करू नका. चित्र तुम्ही काढलंत, त्याचा कॉपीराइट जन्मापासून तुमचा. नोंद केली नसली तरी चालतं." हे आम्ही कोठेतरी वाचले होते, आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे. युनियनच्या वकिलांकडून त्या व्यापाऱ्याला नोटीस गेली. पंधरा दिवसांनी उत्तर आले. भाषा अगदी सभ्य. आरोपाचा इन्कार नाही, शिवीगाळ नाही. फक्त एक प्रश्न विचारलेला. आपल्या अशिलाने या नक्षीचे आजवर किती कुडते विकले?

ताईंचा चेहरा उजळला. "एकशे चाळीस. गणपतीच्या प्रदर्शनात तीस, बाकीचे दिवाळीत. लिहा ना, काका."

वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. ज्या आकड्याचा ताईंना अभिमान होता, त्याच आकड्याने त्यांचा हक्क संपविला होता.

हे कसे, ते आता सांगितले पाहिजे. आपल्या कायद्यात चित्राला एक घर आहे आणि मालाच्या नक्षीला दुसरे. पहिल्या घराचे नाव कॉपीराइटचा कायदा, १९५७. कोणी चित्र काढले की त्यावर आपोआप त्याचा हक्क निर्माण होतो आणि तो कलावंताच्या हयातीत व त्याच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. दुसऱ्या घराचे नाव डिझाइन कायदा, २०००. हा १९११ सालच्या जुन्या कायद्याच्या जागी आला. कापडावरची, भांड्यावरची, खुर्चीवरची नक्षी किंवा घाट येथे मोडतो. येथे हक्क आपोआप मिळत नाही. नोंद करावी लागते. नोंद झाली की दहा वर्षे आणि पुढे मुदत वाढविल्यास आणखी पाच वर्षे, एवढेच संरक्षण मिळते.

या दोन घरांच्या मधला उंबरठा म्हणजे कॉपीराइट कायद्याचे कलम १५. त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. नक्षीची डिझाइन म्हणून नोंद केली असेल, तर तिला कॉपीराइट नाही. आणि नोंद करता येण्याजोगी असून केली नसेल, तर ती नक्षी घातलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी उत्पादनाच्या प्रक्रियेने पन्नासांहून अधिक वेळा काढली की त्या क्षणी कॉपीराइट संपतो. पन्नासावा नग शिवून होईपर्यंत चिमणी ताईंची. एक्कावन्नावा नग मशिनवरून उतरला की ती कोणाचीच नाही, म्हणजे बाजारातल्या सर्वांची.

कोणी म्हणेल, हा काय न्याय झाला? ज्याचा माल खपला त्यालाच शिक्षा? तथापि कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. साबणदाणीच्या घाटावर किंवा चादरीच्या पट्ट्यावर एखाद्याने शंभर वर्षे मक्तेदारी सांगितली, तर लोकांना स्वस्त चादर कशी मिळावी? म्हणून कारखान्याच्या मालाला थोडक्या मुदतीचे संरक्षण द्यावे आणि तेही नोंद करणाऱ्यालाच, असा विचार त्यामागे आहे. विचार कारखानदाराच्या दृष्टीने ठीकच आहे. त्याच्याकडे कचेरी आहे, कारकून आहे, वकील आहे. घरी दोन मशिने चालविणाऱ्या बाईला असा काही उंबरठा आहे याचा पत्ताच नसतो. पन्नासाचा आकडा ओलांडताना ती देवापुढे साखर ठेवते.

हा पेच केवळ गरिबांनाच पडतो असेही नाही. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे तहिलियानी या प्रसिद्ध वस्त्ररचनाकाराच्या कंपनीचा वाद आला. तेथे एका नमुन्याचे कपडे पन्नासांच्या आतच काढलेले असल्यामुळे त्यांचा कॉपीराइट टिकला. २०१६ साली त्याच न्यायालयात ऋतू कुमार यांच्या नाममुद्रेची रितिका ही कंपनी बिबा या कंपनीविरुद्ध गेली. येथे नमुन्यांची नोंद नव्हती आणि नग पन्नासांच्या पुढे गेले होते. कलम १५ आडवे आले आणि दावा फसला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निराळ्या उद्योगातल्या आराखड्यांच्या खटल्यात या कलमाची कसोटी घालून दिली. काम ही स्वतंत्र कलाकृती आहे की कलाकृतीवरून मालासाठी घेतलेली नक्षी आहे, आणि त्यात उपयोगाचा भाग वरचढ आहे काय, हे प्रत्येक प्रकरणात तपासून पाहावे, असा तिचा सारांश आहे. म्हणजे दार पुरते बंद नाही. परंतु प्रत्येक प्रकरणात तपासणी म्हणजे प्रत्येक प्रकरणात वकिलाची फी, हे गरिबाने लक्षात ठेवलेले बरे.

मग नोंद का करीत नाहीत? नोंदीची फी एकट्या व्यक्तीला एका नमुन्यामागे एक हजार रुपये आहे. ती फार नाही. अडचण फीची नाही. अडचण आहे क्रमाची. कायद्याची अट अशी की नमुना नवा पाहिजे, आणि अर्जाच्या आधी तो भारतात काय किंवा जगात कोठेही काय, लोकांपुढे आलेला नसला पाहिजे. आता धंद्याची रीत पाहा. नमुनाकार दहा नक्ष्या काढतो. प्रदर्शनात मांडतो, ओळखीच्यांना फोनवर चित्रे धाडतो. दहांतली एक लोकांना आवडते. तेव्हा कोठे त्याला कळते की ही नक्षी जपण्याजोगी आहे. पण ज्या दिवशी हे कळते, त्या दिवशी नोंदीची वेळ टळून गेलेली असते. दहाही नक्ष्या आधीच नोंदवाव्यात तर दहा हजार रुपये घालावे लागतात, आणि त्यांतल्या नऊ पाण्यात जातात. हंगामी धंद्यात एवढे पैसे कापडात घालावेत की कागदात, असा प्रश्न पडला तर माणूस कापड घेतो. आम्ही असतो तर आम्हीही कापडच घेतले असते.

नोंद करूनही सारे सुरळीत होते असे नाही. नोंदलेल्या नमुन्याची नक्कल झाली, तर कायद्याने ठरवून दिलेली रक्कम एका वेळेस जास्तीत जास्त पंचवीस हजार आणि एका नमुन्यामागे एकूण पन्नास हजार रुपये आहे. त्याऐवजी जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम व नुकसानभरपाई यांचा दावा लावता येतो. परंतु प्रतिवादीने 'ही नोंदच खोटी, नमुना नवा नव्हे' असा बचाव घेतला की खटला उच्च न्यायालयाकडे जातो. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या माणसाने तेथवर धावावे कसे?

मनात असे येईल की ही आजची दुखणी आहेत. तसे नाही. कापडावरच्या नक्षीची चोरी छपाईच्या धंद्याइतकीच जुनी आहे. १७८७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने तागाचे व सुती छापील कापड काढणाऱ्यांसाठी एक कायदा केला आणि नव्या नक्षीला दोन महिन्यांचे संरक्षण दिले. सात वर्षांनी ते तीन महिने केले. दोन-तीन महिने ही मुदत आपणांस हास्यास्पद वाटेल, परंतु हंगाम तेवढाच असतो हे त्या छपाईवाल्यांना ठाऊक होते. त्याच १७८७ साली फ्रान्सच्या राजदरबाराने रेशमी कापडाच्या नक्षीबाबत हुकूम काढला. पडदे-गाद्यांच्या कापडाला पंधरा वर्षे आणि अंगावरच्या कापडाला सहा वर्षे. म्हणजे कापड कशाचे आहे आणि त्याचा हंगाम किती, हे पाहून संरक्षण द्यावे, ही अक्कल सव्वादोनशे वर्षांपूर्वीही होती.

आणि आपल्याकडे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १८६६ साली लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे सातशे नमुने कापून अठरा खंडांत चिकटविले. असे वीस संच तयार झाले. त्यांतले तेरा ब्रिटनमधल्या शहरांना आणि सात हिंदुस्थानात देण्यात आले. धोतर, लुगडे, पागोटे, मलमल. कापड कोठले, लांबीरुंदी किती, वजन किती, किंमत काय, हे सारे नमुन्याखाली लिहिलेले. विलायतेतल्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानी माणसाची आवड घरबसल्या कळावी आणि तसा माल त्यांनी काढावा, हा उद्योगामागचा उघड हेतू होता. ज्या विणकरांच्या मागावरून ते तुकडे आले, त्यांना कोणी विचारले नाही. त्याच शतकात स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या मागांवर काश्मिरी शालींची नक्कल निघत होती. आणि आज जगभर आपल्या कोयरीला त्या गावाच्या नावाने ओळखतात. माल गेला, गिऱ्हाईक गेले आणि शेवटी नावही गेले.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळणार नाही. कोणी म्हणेल, "तुमच्या त्या ताईंनी तरी नवे काय काढले? ज्वारी शेतकऱ्याची, धावदोरा आजीच्या गोधडीचा. सारी कलाच उसनवारीची. मग चोरी कसली?" आक्षेपात तथ्य आहे. कोयरी, बुट्टी, मोर, कमळ, गोधडीचा टाका ही सामायिक विहीर आहे. त्या विहिरीचे पाणी कोणी एकट्याने आपल्या नावावर करून घेऊ नये, आणि कोणी करू पाहील तर त्याला आम्ही पहिले अडवू. परंतु विहिरीचे पाणी काढून एखादीने घागर भरून डोक्यावर घेतली, तर ती घागर सामायिक राहत नाही. कणसे कोणीही काढावीत, चिमणीही काढावी. पण हे कणीस या बाजूला झुकलेले, ही चिमणी येथेच बसलेली, आणि हे पान चुकून अर्धे राहिलेले, एवढे सगळे उचलणे म्हणजे परंपरेतून घेणे नव्हे. परंपरेतून घेणारा स्वतः चित्र काढायला बसतो. नक्कल करणारा कापड उलगडून फोटो घेतो.

सामायिक वारशासाठी आपल्याकडे वेगळा कायदा आहे. भौगोलिक निर्देशांचा हा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. पैठणीची नोंद त्याखाली आहे, कोल्हापुरी चपलेचीही आहे. परंतु तो नावाचे रक्षण करतो, नक्षीचे नव्हे. यंत्रमागावरच्या साडीवर पैठणीचा मोर विणणाऱ्याला हा कायदा अडवीत नाही. ती साडी पैठणी म्हणून विकली तरच हटकतो. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मंचावर मिरविल्या, हे आपणां सर्वांना आठवत असेल. महाराष्ट्रात ओरड झाली, व्यापारी संघटनेने पत्र धाडले, तेव्हा कंपनीने उगम मान्य केला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. यातून काय शिकावे? कोल्हापुरीच्या मागे अख्खे कोल्हापूर उभे होते. एकट्या नमुनाकाराच्या मागे कोणते कोल्हापूर असते?

क्वचित एकट्याचेही ऐकले जाते. २०१८ साली दिल्लीच्या पीपल ट्री या छोट्या संस्थेची योगासनांच्या आकृत्यांची ठसेछपाई डिओर या फ्रेंच कंपनीच्या पोशाखावर एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. लोकांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून बोंब मारली आणि पुढे न्यायालयाबाहेर तडजोड झाली. छान झाले. परंतु तेथे कंपनी जगप्रसिद्ध होती आणि तिला अब्रूची चाड होती. ज्याच्या दुकानाला पाटीसुद्धा नाही, त्याची अब्रू कोणत्या मुखपृष्ठावर काढणार?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. यात कामगार युनियनचे काय? ताईंच्या कुडत्याची नक्कल कोठे शिवली गेली याचा आम्ही शोध घेतला, आणि धागा येऊन पोचला तो आमच्याच सभासदांच्या गाळ्यात. तेथल्या एका जुन्या टेलरला आम्ही विचारले. तो म्हणाला, "दादा, कपडा बेतून येतो, आम्ही शिवतो. नमुना कुणाचा ते आम्हाला कोण सांगतं? आणि सांगितलं असतं तर काय, मशिन बंद ठेवायची? ते काम नसतं तर दिवाळीत घरी बसलो असतो."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. एका बाजूला एका बाईच्या कष्टाची चोरी, दुसऱ्या बाजूला चाळीस माणसांची दिवाळी. आम्ही कोणाचे?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या टेलरकडे पुन्हा गेलो आणि मजुरीचा हिशोब मांडला. तोच माणूस गेल्या पाच वर्षांत नगामागे काय घेत होता आणि आता काय घेतो? आकडा जवळजवळ जागचा हलला नव्हता. का? कारण तो गाळा नमुन्यावर एक पैसा खर्च करीत नाही, आणि त्याच्या शेजारचे चार गाळेही करीत नाहीत. पाचही जण तोच नमुना बाजारात नेतात. माल सारखा, कापड सारखे, तर एकाने दुसऱ्यापेक्षा स्वस्त विकायचे कशाच्या जोरावर? उरते ती एकच गोष्ट, शिलाईची मजुरी. जेथे डोक्याचे काम फुकट उचलता येते, तेथे सारी चढाओढ हाताच्या कामावर येऊन पडते. ताईंच्या कुडत्याला साडेआठशे येत होते तेव्हा त्या शेजारणींना आमच्या दरापेक्षा अधिक शिलाई देत. साडेतीनशेच्या कुडत्यातून अधिक मजुरी निघणेच शक्य नाही. टेलर थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तिची कैची आणि माझी सुई एकाच धाग्यात." आम्ही ते वाक्य डायरीत टिपून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट कामगारांनी समजून घ्यावी. नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून काढून घेतलेल्या डिझाइनचा हक्कदार काम सांगणारा असतो. त्यामुळे गाळ्यातला कटिंग मास्तर जेव्हा स्वतःच्या बुद्धीने नवा गळा बेततो, तेव्हा त्याचे नाव कोठेही राहत नाही. नमुनाकार आणि मास्तर हे दोघे वेगळ्या वर्गाचे, असे आम्ही पूर्वी समजत होतो. ती आमची चूक होती.

मग उपाय काय? आमच्यासारख्या युनियनवाल्याला पहिला उपाय सुचतो तो बहिष्काराचा. अमेरिकेत तो करून पाहिलेला आहे. १९३२ साली तेथल्या कपड्यांच्या उत्पादकांनी एक गिल्ड काढले. नकली माल ठेवणाऱ्या दुकानाला आपला माल द्यायचा नाही, असा नियम केला. बारा हजारांवर दुकानदारांकडून करार लिहून घेतले. आपली तपासनीस माणसे दुकानांतून फिरविली आणि नियम मोडणाऱ्यांना दंडही केला. १९४१ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा सारा प्रकार व्यापाराची गळचेपी म्हणून बेकायदा ठरविला. निकाल आम्हांस कडू वाटला, पण विचारांती पटला. फिर्यादीही आपण, न्यायाधीशही आपण आणि बेलिफही आपण, असा कारभार बड्या उत्पादकांच्या हाती गेला की उद्या तो लहानांवरच उलटतो.

तेव्हा बहिष्कार नको. पण संघटना हवीच. १९७२ साली अहमदाबादेत सेवा ही घरी काम करणाऱ्या व फेरीवाल्या बायकांची युनियन नोंदवायला नेली, तेव्हा तुमचा मालक कोण, मालक नाही तर युनियन कशी, अशी हरकत निघाली होती. शेवटी नोंद झाली. एकट्या-दुकट्या नमुनाकारांनाही तसे एकत्र येता येईल. तोवर जे आजच करता येण्याजोगे आहे ते सांगतो.

चित्र काढले की त्यावर तारीख घालून ते जपावे आणि एखाद्या त्रयस्थाची सही घ्यावी. हंगामातल्या सर्व नक्ष्या नव्हे, पण ज्यांवर भिस्त आहे त्या एक-दोन तरी प्रदर्शनाच्या आधी, फोनवर फिरविण्याच्या आधी नोंदवाव्यात. व्यापाऱ्याला नमुना दाखविताना तो गुप्त म्हणून दाखवीत आहोत असे लिहून घ्यावे. कापडाच्या नव्या नक्षीची पहिली गुप्त मागणी स्वीकारली तर ती नक्षी प्रसिद्ध झाली असे धरू नये, असे डिझाइन कायद्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. हे कलम जणू आपल्यासाठीच लिहिले आहे आणि आपल्यालाच ते ठाऊक नाही. छपाईवाल्याशी दोन ओळींचा का होईना, करार करावा की पडदा माझा, माझ्या सहीशिवाय त्यावरून दुसऱ्याला छापून द्यायचे नाही. आणि ज्या नक्षीची नोंद केलेली नाही तिचे नग मोजीत राहावे. पन्नास हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

कायद्याकडे आमची मागणी एकच आहे. युरोपीय संघाने २००२ साली नोंद न केलेल्या नमुन्यालाही, तो लोकांपुढे आल्यापासून तीन वर्षे नक्कलेविरुद्ध संरक्षण दिले. तीन वर्षे म्हणजे मक्तेदारी नव्हे. त्यानंतर ज्याला हवे त्याने खुशाल काढावे, गरिबाला स्वस्त कुडता मिळावा. परंतु नमुना चालतो की नाही हे कळेपर्यंत आणि त्याचे दोन पैसे मिळेपर्यंत तरी त्याच्या मालकाला श्वास घेऊ द्यावा. पन्नास नगांऐवजी तीन वर्षे, एवढाच बदल मागतो आहोत.

आमच्या युनियनने आपल्यापुरते एक केले. मालकांशी मजुरीचा करार करताना, येणारा नमुना कोणाचा आहे हे मालकाने लिहून द्यावे, असे कलम आम्ही घालू लागलो. दोन मालकांनी मान्य केले, एकाने ते खोडले, आणि एकाने 'आता दोऱ्याचाही बाप विचारा' म्हणून थट्टा केली. थट्टा चालेल. मजुरीच्या चिठ्ठ्या मागितल्या तेव्हाही ती झाली होती.

ताईंचा दावा आम्ही मागे घेतला. चूक आमची होती, ती आम्ही त्यांच्यापुढे कबूल केली. त्या रागावल्या नाहीत, निघताना एवढेच म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी आधी मलाच विचारा, किती विकलेत म्हणून." पुढच्या हंगामात त्यांनी बाभळीच्या फुलांची नक्षी काढली, आणि प्रदर्शनाच्या आधी तिचा अर्ज केला. ज्वारीवरची चिमणी मात्र गेली ती गेलीच. परवा बसमध्ये एका मुलीच्या अंगावर ती दिसली. अर्धे पान तसेच होते. मुलीला आम्ही काही बोललो नाही. तिचा काय दोष? पण आपण जे या व्याख्यानाला जमलात, ते उद्या कापड घ्यायला जाल, तेव्हा भाव विचाराल, रंग जाणार नाही ना असे विचाराल. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. हा नमुना काढला कोणी? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापाऱ्याला उत्तर शोधावे लागेल.